ग्रब रेस्क्यू
डिस्कवरील पार्टिशन पुसल्यावर किंवा त्यांचे क्रमांक बदलल्यावर लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर ज्या अर्धवट अवस्थेत अडकतो, ती. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी जेमतेम ४४६ बाइट बूटलोडरच्या वाट्याला येतात. म्हणून ग्रबचा बराच भाग एखाद्या पार्टिशनमध्ये राहतो. त्या पार्टिशनचा पत्ता चुकला, की पडद्यावर केवळ आज्ञेची ओळ उरते. फायली बहुधा शाबूत असतात. घाईने फॉरमॅट करणे हीच सर्वांत महागात पडणारी चूक. ‘एलएस’ आज्ञेने पार्टिशन शोधून ‘प्रीफिक्स’ या चलाला नवा पत्ता द्यावा आणि ‘नॉर्मल’ मॉड्यूल चालवावे, की बूट मेनू परततो. हा उपाय त्या वेळेपुरताच, पुढे ग्रब पुन्हा बसवावा लागतो. पार्टिशनच पुसले असेल, तर डिस्कवर काहीही न लिहिता लाइव्ह यूएसबीवरून टेस्टडिस्क या साधनाने पार्टिशनची हरवलेली नोंद शोधावी.