क्रुसावरील संस्कृत: पंडिता रमाबाई आणि पंथभेदाचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मातील सहिष्णुतेची चर्चा बहुधा युरोपातील राजाज्ञांपासून सुरू होते. १५९८ साली नान्तच्या आज्ञेने फ्रान्समधील प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा मिळाली आणि १६८५ साली ती हिरावली गेली. राजाने दिलेली सहिष्णुता राजा परतही घेतो. हाच प्रश्न एका मराठी स्त्रीने राजसत्तेशी नव्हे, तर आपल्याच धर्मगुरूंशी वाद घालताना उभा केला, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना आश्रय देणारा मठ अँग्लिकन चर्चचा होता. बाप्तिस्म्याबरोबर चर्चची सारी मतेही स्वीकारली जावीत, ही तेथील अपेक्षा. रमाबाईंना मात्र त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता आणि ख्रिस्ती लोकांतील नाना पंथ पाहून त्या संभ्रमात पडल्या. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत, भारतातील पुरोहितांचे जू झुगारल्यावर तसलेच दुसरे जू मानेवर घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा त्यांचा आग्रहही त्याच बाण्याचा.

मायदेशी परतल्यावर भूमिका उलटली. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. प्रार्थनेच्या वेळी दार बंद करणे रमाबाईंना विवेकाशी प्रतारणा वाटे. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांना उघडे दारच भयावह वाटे. यांपैकी एका बाजूला सहज खोटे पाडता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

उत्तरायुष्यात केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते साध्या बायाबापड्यांना कळावे, ही तळमळ होती. त्याचबरोबर, हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. त्यांचे निधन १९२२ साली झाले. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. क्रुसावर संस्कृत मागणारी विदुषी बायबलातून संस्कृत परंपरेचे शब्द वेचून काढते, हा विरोधाभास बोचणारा आहे. परंतु त्यावरून रमाबाईंचा निवाडा करण्याची घाई आम्ही करणार नाही. विवेकस्वातंत्र्य मागणे कठीण खरेच. ते आपल्या छत्राखाली आलेल्यांना, आणि आपण सोडून आलेल्या परंपरेलाही देणे त्याहून कठीण. युरोपातील चर्चना ज्या परीक्षेत शतकानुशतके अपयश आले, तिच्यात रमाबाईंची अर्धी बाजी तरी त्यांच्याकडे राहिली.