गाळण्यातून निसटणारे क्षार



गेल्या महिन्यात आमच्या गिझरची कॉईल जळाली. मेकॅनिकने ती बाहेर काढली, तर तिच्यावर पांढरा, खडबडीत थर. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या पाण्याच्या पातेल्यातलंच!" खरंच की. पाणी रोज गाळून, उकळून पिणाऱ्या आपल्या घरांना हा थर गिझर यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. मग दुहेरी कापडातून गाळलेल्या पाण्यात तो येतो कुठून?

आपलं गाळणं जीवरक्षेसाठी आहे. पाण्यात तरंगणारं ते अडवतं, विरघळलेलं नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरतं. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, खाली बेसाल्टचा खडक असतो. त्यांतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. पाणी उकळलं की वायू निघून जातो आणि चुन्याचा भाग तळाला बसतो. पातेल्यात तो दिसतो, कॉईलवर दिसत नाही, एवढाच फरक. या थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही. वीज जास्त लागते आणि कॉईल आतल्या आत तापून जळते.

शाळेत आपण अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणायला शिकलो. ज्याला फेस येत नाही ते. कारण पूर्वी ही अडचण कळायची ती धुण्याच्या दगडावर. साबण क्षारांशी मिळून चिकट साका होतो आणि कपडे मळकट राहतात. आजीच्या पिढीला हे पाणी चुलीवरही कळायचं. जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, म्हणून डाळीपुरतं पाणी लांबच्या गोड्या विहिरीवरून यायचं. त्या खेपा बायकांच्याच डोक्यावर असायच्या.

यावर पहिला मोठा उपाय काढला स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी. 1841 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं ते चुन्यानेच चुना काढण्याचं! पाण्यात चुन्याची निवळी मोजून घालायची, की विरघळलेला चुना खडू होऊन खाली बसतो. पाणी किती जड आहे हे ते साबणाच्या द्रावणाने मोजत. फेस यायला जितका साबण जास्त, तितकं पाणी जड. म्हणजे धुणं धुणारी बाई जे हाताने ओळखत होती, तेच त्यांनी मापात बसवलं.

1850 च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे या दोघांच्या लक्षात आलं, की खताचं पाणी मातीतून झिरपताना माती त्यातलं अमोनिया धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. ही अदलाबदल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी पाणी हलकं करायला वापरली. आज इमारतींमध्ये बसवलेले सॉफ्टनर याच तत्त्वावर चालतात. ते कॅल्शियम धरतात, सोडियम सोडतात. पण ठरावीक दिवसांनी ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात आणि ते खारं पाणी गटारात जातं.

साबणाचंही तसंच. गोदरेजचा प्राण्यांची चरबी नसलेला 'चावी' साबण 1919 च्या सुमारास आला. आपल्यासारख्या घरांना तो केवढा आधार! पण वनस्पती तेलाचा असला तरी जड पाण्यात त्याचाही साका होणारच. 1959 मध्ये सर्फ आणि 1969 मध्ये निरमा आलं, तेव्हा जड पाण्यातही फेस दिसला. जगभर पावडरींमध्ये क्षार बांधून ठेवायला फॉस्फेट घालत, आणि तेच तळ्यांत उतरून शेवाळं माजवत होतं.

1960 च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी आरओचा उपयोगी पडदा तयार केला. विरघळलेलं अडवणारं 'गाळणं' अखेर मिळालं. पण अनेक घरगुती आरओ एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतात.

मला बोचतं ते इथे. गाळून झाल्यावर जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडायची, एवढी आपली काळजी. पाण्यालाही आपण जीव मानतो. आणि तेच पाणी बादल्या-बादल्यांनी मोरीत सोडतो!

क्षार म्हणजे विष नव्हे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणी नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणून आधी पाणी तपासून घ्या. कठीणपणा मर्यादेत असेल आणि पाण्यात दुसरा दोष नसेल, तर त्यासाठी आरओ नको. उकळून, निवू देऊन वरचं पाणी अलगद काढून घेतलं तरी बराच चुना तळाशी राहतो. गिझर 50 अंशांच्या आसपास ठेवा, कारण पाणी जितकं तापतं तितका थर वाढतो. आरओ असेलच, तर बाहेर पडणारं पाणी फरशी आणि संडासासाठी साठवा.

आमच्या नळीखाली आता बादली असते. पहिल्याच दिवशी ती दुपारपर्यंत भरली. सासूबाई म्हणाल्या, "एवढं पाणी रोज जात होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.