विल्सन जोन्स

विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स (जन्म : पुणे, २ मे १९२२; मृत्यू : मुंबई, ५ ऑक्टोबर २००३) हे भारतीय बिलियर्ड्सपटू व प्रशिक्षक होते. १९५८ साली कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे झालेली जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा त्यांनी जिंकली. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय मानले जातात. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे विजेतेपद दुसऱ्यांदा मिळवले. स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रशिक्षणाचे कार्य केले. पुढे भारतात बिलियर्ड्स व स्नूकर या खेळांत जागतिक विजेत्यांची जी परंपरा निर्माण झाली, तिचा आरंभ जोन्स यांच्यापासून होतो.

खेळाचे स्वरूप

जोन्स ज्या प्रकारात जागतिक विजेते झाले तो इंग्लिश बिलियर्ड्स हा प्रकार होय. सुमारे १२ फूट लांब व ६ फूट रुंद, सहा पॉकेट असलेल्या टेबलावर तो केवळ तीन चेंडूंनी खेळला जातो. जोन्स यांच्या काळात त्यांपैकी दोन चेंडू पांढरे असत व ओळखण्यासाठी एकावर ठिपका असे. तिसरा चेंडू लाल असतो. प्रत्येक खेळाडूचा एक पांढरा चेंडू ठरलेला असे. क्यू नावाच्या काठीने मारलेला आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लागला, तर त्यास ‘कॅनन’ म्हणतात व त्याचे २ गुण मिळतात. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातल्यास ३ आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू घातल्यास २ गुण मिळतात. आपला चेंडू लाल चेंडूला लागून पॉकेटमध्ये गेला तर ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूला लागून गेला तर २ गुण मिळतात.

गुण मिळत राहतात तोवर खेळाडूची पाळी चालू राहते. अशा सलग गुणसंख्येला ‘ब्रेक’ म्हणतात. एका फटक्याला सहसा दोन-तीनच गुण मिळत असल्याने शंभर गुणांच्या ब्रेकसाठीही अनेक अचूक फटके लागतात. त्यामुळे प्रत्येक फटका मारताना पुढील फटक्यासाठी तिन्ही चेंडू सोयीच्या जागी कसे येतील, याचा विचार आधीच करावा लागतो. एक खेळाडू खेळत असताना दुसऱ्याला खुर्चीत बसून पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून हस्तकौशल्याइतकेच मनःस्थैर्यही या खेळात निर्णायक ठरते.

भारतातील पार्श्वभूमी

बिलियर्ड्स हा खेळ ब्रिटिशांबरोबर भारतात आला. स्नूकर हा त्याचा भाऊबंद तर भारतातच जन्मला. १८७५ च्या सुमारास जबलपूर येथील लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने तो प्रथम खेळला, असे मानले जाते. मात्र दीर्घकाळ हे दोन्ही खेळ लष्करी छावण्या, संस्थानिकांचे राजवाडे आणि मोठ्या शहरांतील क्लब यांच्या भिंतींआडच राहिले. टेबल महाग व अवजड असल्याने ते घरी असणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. क्रिकेट वा कुस्ती जशी मैदानात किंवा आखाड्यात कोणालाही पाहता येई, तसा हा खेळ रस्त्यावरच्या माणसाच्या दृष्टीस पडत नसे. तो शिकायचा तर कोणाला तरी खेळताना पाहणे हाच मुख्य मार्ग होता. या परिस्थितीमुळे जोन्स यांच्या यशाचे महत्त्व विशेष ठरते.

पूर्वायुष्य व राष्ट्रीय स्पर्धा

जोन्स यांचा जन्म पुण्यातील एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. बिशप्स हायस्कूल आणि सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल या पुण्यातील शाळांमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांची कारकीर्द प्रामुख्याने मुंबईत घडली.

राष्ट्रीय पातळीवरील त्यांचे पहिले मोठे यश स्नूकरमधील होते. १९४८ साली ते राष्ट्रीय स्नूकर विजेते झाले व हे विजेतेपद त्यांनी एकूण पाच वेळा मिळवले. बिलियर्ड्समधील राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी १९५० साली प्रथम जिंकले आणि १९६६ पर्यंत ते एकूण बारा वेळा आपल्याकडे आणले. सोळा-सतरा वर्षांच्या या कालखंडात देशातील प्रत्येक उमेद्वार खेळाडूला आपले कौशल्य जोन्स यांच्या खेळाशी ताडून पाहावे लागे.

जागतिक विजेतेपदे

१९५८ च्या डिसेंबरमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा कलकत्त्यात भरली. याच शहरात १९५२ साली झालेली स्पर्धा इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्ड यांनी जिंकली होती. या वेळी ड्रिफील्ड दुसऱ्या स्थानी राहिले आणि जोन्स विजेते ठरले.

स्वातंत्र्याला तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. भारतीय हॉकी संघाने १९२८ पासून १९५६ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली होती, पण ते सांघिक यश होते. वैयक्तिक क्रीडाप्रकारात महाराष्ट्राचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले होते. जागतिक विजेता म्हणून मात्र कोणाही एका भारतीय खेळाडूचे नाव लागलेले नव्हते. ते प्रथम लागले, ते ज्या खेळाचे नियमही बहुसंख्य देशवासीयांना ठाऊक नव्हते, अशा खेळात.

१९६४ साली न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे जोन्स यांनी दुसऱ्यांदा जागतिक विजेतेपद मिळवले. इंग्लंडचे जॅक कार्नेम हे उपविजेते होते. मायदेशात, ओळखीच्या वातावरणात मिळालेले पहिले यश हा योगायोग नव्हता, हे या विजयाने सिद्ध झाले. या स्पर्धेत भारताकडून मायकेल फरेरा हे तरुण खेळाडूही सहभागी झाले होते.

प्रशिक्षक

१९६७ साली जोन्स स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाले व प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झालेल्या खेळाडूंमध्ये ओम अगरवाल व सुभाष अगरवाल यांचा समावेश होतो. ओम अगरवाल यांनी १९८४ साली डब्लिन येथे जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा जिंकली. हे यश मिळवणारे ते पहिले भारतीय होत. सुभाष अगरवाल १९८३ च्या जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेत उपविजेते ठरले व पुढे त्यांनीही प्रशिक्षकाचे काम केले. अशा रीतीने जोन्स यांच्याकडून मिळालेली विद्या त्यांच्या शिष्यांमार्फत पुढील पिढीकडे गेली.

वारसा

जोन्स यांच्या दुसऱ्या विजयानंतर जागतिक विजेतेपद पुन्हा भारतात येण्यास तेरा वर्षे लागली. १९७७ साली मेलबर्न येथे मायकेल फरेरा विजेते झाले. १९८१ व १९८३ मध्येही त्यांनी हे विजेतेपद मिळवले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक केला. हौशी बिलियर्ड्समध्ये एक हजार गुणांची सीमा ओलांडणारे ते पहिले खेळाडू होत. फरेरा यांनी आपल्या खेळाच्या प्रतिष्ठेसाठी जाहीर भूमिकाही घेतली. क्रिकेटपटू सुनील गावसकर यांना पद्मभूषण दिले गेले असताना आपणास पद्मश्री देऊ करण्यात आल्याबद्दल १९८१ साली त्यांनी तो सन्मान नाकारला. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. क्लबांत खेळल्या जाणाऱ्या खेळातील जागतिक यश लोकप्रिय खेळातील यशापेक्षा कमी मोलाचे का मानावे, हा प्रश्न त्यामुळे देशापुढे आला.

फरेरा यांचा पराभव करून १९८२ साली राष्ट्रीय विजेते झालेले अहमदाबादचे गीत सेठी यांनी १९८५ मध्ये दिल्ली येथे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे बुजुर्ग खेळाडू बॉब मार्शल यांना हरवले. मार्शल हे १९६२ चे जागतिक विजेते, म्हणजे जोन्स यांच्याच काळातील खेळाडू होते. पुढे सेठी व्यावसायिक जागतिक विजेतेही झाले. १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत हे खेळ प्रथमच समाविष्ट झाले, तेव्हा बिलियर्ड्सच्या एकेरीत अशोक शांडिल्य यांनी आणि दुहेरीत शांडिल्य व सेठी यांनी सुवर्णपदक मिळवले.

या खेळाडूंच्या खेळण्याच्या पद्धती परस्परांहून भिन्न होत्या आणि त्यांतील प्रत्येकजण जोन्स यांचा शिष्य नव्हता. तथापि भारतीय खेळाडू या खेळात जगात प्रथम येऊ शकतो, ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाही नव्याने सिद्ध करावी लागली नाही. ती १९५८ सालीच सिद्ध झालेली होती.

सन्मान व मृत्यू

जोन्स यांना भारत सरकारने अर्जुन पुरस्कार व पद्मश्री देऊन गौरवले. प्रशिक्षणकार्यासाठी १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाडू व गुरू या दोन्ही नात्यांनी राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना होते.

५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चीनमध्ये झालेली जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा अठरा वर्षांच्या पंकज अडवाणी यांनी जिंकली. बंगळूरुमध्ये वाढलेल्या अडवाणी यांनी बिलियर्ड्स व स्नूकर मिळून पुढे पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदे मिळवली. त्यांचाही जन्म पुण्याचाच आहे.