नाताळचा विशेषांक आणि मराठी रहस्यकथा

इंग्रजी रहस्यकथेला नाताळ आणि आगबोट एकाच कारणाने सोयीची वाटतात. सणासाठी जमलेले आप्त असोत वा बोटीवरील उतारू, अपराध घडल्यावर कोणालाही निघून जाता येत नाही. संशयितांचे वर्तुळ आपोआप आखले जाते. अ‍ॅगाथा ख्रिस्तीने 1937 मध्ये नाईल नदीवरील बोट आणि 1938 मध्ये नाताळातील कुटुंब यांचा असाच उपयोग केला.

मुंबईत मात्र नाताळचा ठसा कथानकावर न उमटता प्रकाशनाच्या वेळेवर उमटला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक 1909 मध्ये निघाला, तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ-विशेषांकांच्या धर्तीवर. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून त्या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. पुढे ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांनी त्या वाचकाची सणाची सुट्टी रहस्याने भरली. गिरगाव-दादरच्या वाचनालयांत या अंकांसाठी स्वतंत्र वर्गणी घेण्याची प्रथा रूढ झाली.

समासांतील भेद येथे बोलका आहे. ‘नाताळकथे’त नाताळ हा कथेचा विषय असावा लागतो, ‘दिवाळी अंका’त दिवाळी केवळ वाचनाचा काळ सांगते. आतील खून कोणत्याही ऋतूत घडला तरी चालतो. म्हणून परकीय प्रभावाचा शोध केवळ कथानकांच्या साम्यात घेणे अपुरे ठरते. मराठीने येथे गोष्ट उसनी घेतली नाही. गोष्ट वाचण्याचा मुहूर्त घेतला, आणि तो आपल्या पंचांगात बसविला.