डेटाबेस क्लायंट निवडताना काय पाहावे?

डेटाबेस क्लायंटमध्ये डेटा साठत नाही. सर्व्हरवरचा डेटा पाहायचे, बदलायचे ते साधन. फक्त पोस्टग्रेएसक्यूएल वापरत असाल तर पीजीअ‍ॅडमिन, मायएसक्यूएलसाठी वर्कबेंच पुरे. दोन्ही हाताळायचे असतील तर डीबीव्हरची मोफत कम्युनिटी आवृत्ती सोयीची. ती जावावर चालते, त्यामुळे मेमरी बरीच खाते.

खरा फरक चूक झाल्यावर कळतो. कळव्यातल्या एका ग्राहकाचा पिनकोड ४००६०५ करताना क्वेरीत ‘व्हेअर’ लिहायचे राहिले आणि ऑटो-कमिट चालू असेल, तर कल्याण-डोंबिवलीचे सगळे ग्राहक क्षणात कळवेकर होतात! वर्कबेंचमधील ‘सेफ अपडेट्स’ अशी क्वेरी मुळातच अडवते. डीबीव्हरमध्ये कमिट मॅन्युअल ठेवले असेल, तर रोलबॅक करून बदल मागे घेता येतो. एकदा कमिट झाले की बॅकअपच शोधावा लागतो.