दारावरचा प्रश्न



श्रुतपंचमी जवळ आली. पोथ्यांची वेष्टनं धुऊन दोरीवर वाळत घातली आहेत, कपाट पुसून झालं आहे. यंदा शास्त्रदानावर लिहायचं असं मनात होतं. पण लिहायला बसले की डोळ्यांपुढे येतात त्या आमच्या शेजारच्या काकू आणि त्यांच्या हातातला मोबाइल. म्हणून आधी ते सांगते, मग इतिहासाकडे वळते.

दोन वर्षं झाली. संध्याकाळची वेळ होती. तुम्हाला ठाऊकच आहे, सूर्यास्ताआधी जेवणं आटोपायची म्हणजे आपल्या घरात त्या अर्ध्या तासात किती धांदल असते. तव्यावर पोळी होती, आणि दारात काकू उभ्या. "अवं माय, जरा पाह्य ना हे काय आलं मोबाइलवर. आज रात्री लाइन कापतो म्हनते." मी मान वर न करताच म्हटलं, "काकू, थोडं थांबा. जेवणं झाली की येते." जेवणं झाली, आरती झाली, मग मी गेले. तोवर काकूंनी मेसेजमधल्या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या माणसाने सांगितलं तसं एक अ‍ॅपही उतरवून घेतलं होतं. काका रेल्वेत होते. त्यांच्या मागे मिळणारी पेन्शन खात्यातून गेली होती.

तो मेसेज फसवा आहे हे मला माहीत होतं. आठच दिवसांपूर्वी तसाच मेसेज मला आला होता आणि मी तो पुसून टाकला होता. म्हणजे उत्तर माझ्याजवळ तयार होतं. दोन वाक्यांचं काम होतं. काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी मला काही विचारणं बंद केलं. काही अडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराकडे जायच्या. मला ते फार लागलं.

तेव्हापासून मी विचार करते आहे, की दारावर येऊन कोणी काही विचारतं, ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे आणि तिचं मोल काय.

आपलं बडनेरा तर विचारणाऱ्यांचंच गाव. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, ती बडनेऱ्यावरून. मुख्य मार्ग अमरावती शहरात गेला नाही. अमरावतीसाठी इथून सुमारे दहा किलोमीटरचा फाटा काढावा लागला. त्यामुळे दीडशे वर्षं झाली, इथे उतरणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "अमरावतीची गाडी कुठून सुटते?" सांगणाऱ्याला ना पैसे मिळतात ना नाव, तरी इथला माणूस थांबून हात करून दाखवतो.

रेल्वेबरोबर वऱ्हाडचा कापूस बाहेर जाऊ लागला. जिनिंग आले, कापडाची गिरणी आली, बदलीवरचे रेल्वे कर्मचारी आले. रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती, दुसऱ्या अंगाला नवी वस्ती. परमुलखातून आलेल्या बायकांना इथल्या पाण्याची, बाजाराची, बोलीची काही माहिती नसायची. ज्वारी कुठे दळायची, तूर कोणाकडून घ्यायची, लेकराला ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, हे सगळं शेजारीण सांगायची.

आपल्या घरांत त्यात एका प्रश्नाची भर होती, पाण्याची. माझ्या सासूबाई सांगायच्या, नवी सून आली की स्वयंपाकाआधी तिला विहिरीवर नेत. गाळणं छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, ते दुहेरी करायचं. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं चालतं, मग पुन्हा गाळायचं. लवंग वगैरे टाकून प्रासुक केलं तर सहा तास, चांगलं उकळलं तर चोवीस तास. आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या पाण्याची त्याच पाण्यात सोडायची. तीही वरून फेकायची नाही. बादलीच्या बुडाला कडी असे. दोरीने बादली अलगद पाण्याला टेकवायची आणि मग दोरीला हिसका देऊन उलटी करायची, म्हणजे जीवांना मार बसत नाही. पुस्तक वाचून हे हातात बसत नाही. शेजारणीने शेजारी उभं राहून दोन वेळा दोरी धरली, की येतं.

मग पाणीच बदललं. १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावती महानगरपालिका झाली आणि बडनेरा तिच्यात आलं. पुढे मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ ऊर्ध्व वर्धा धरण झालं आणि त्याचं पाणी नळाने घरात येऊ लागलं. विहिरी हळूहळू बुजल्या किंवा झाकल्या गेल्या. तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्या बायकांना एकच प्रश्न पडला, आता जिवाणी सोडायची कुठे? धरण तर कोसांवर! सासूबाई सांगतात, चातुर्मासात माताजी आल्या तेव्हा चार-पाच जणी मिळून त्यांना विचारायला गेल्या आणि जे कळलं ते दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. आज सुना मला विचारतात, "काकू, आरोचं पाणी गाळा लागते का?" मी सांगते, यंत्र बारीक गाळतं हे खरं, पण जीव वाचवायचा तर यंत्रात जाण्याआधी गाळायला हवं. नळाला गाळणं बांधा, ते वेळच्या वेळी गाळलेल्या पाण्याने हलकेच विसळा आणि साबणाच्या मोरीत झटकू नका. प्रश्न सासूबाईंचाच आहे, फक्त भांडं बदललं.

तुम्ही म्हणाल, आता पुस्तकं आहेत, मोबाइल आहे, शेजारणीची गरज काय? हाही प्रश्न नवा नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० मध्ये छापलं गेलं. 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघालं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. सासर दूर, नवऱ्याची बदलीची नोकरी, घरात वडीलधारं कोणी नाही, अशा कितीतरी मुलींना या पुस्तकांनी हात दिला. वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ सांगणं म्हणजे अनोळखी घरातल्या मुलीच्या प्रश्नाला आधीच दिलेलं उत्तरच की! तरी आपल्या घरात रुचिरा उघडली की पुढचा प्रश्न उरतोच, बटाट्याच्या जागी काय घालू? कांदा-लसणाशिवाय रस्सा दाट कसा होईल? मग कोणीतरी सांगतं, कच्चं केळं उकडून घाल, भाजलेलं खोबरं आणि तीळ वाट. पुस्तक सगळ्यांसाठी असतं. शेजारीण तुझ्या चुलीपुरतं सांगते.

आता श्रुतपंचमीकडे येते, कारण या सणाच्या मुळाशीही हेच आहे. धरसेनाचार्य गिरनारच्या गुहेत होते. वय झालं होतं. आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल या चिंतेने त्यांनी मुनिसंघाला निरोप धाडला. दोन मुनी आले, पुष्पदंत आणि भूतबली. त्यांना त्यांनी जवळचं सगळं दिलं. त्यातून षट्खंडागम लिहिला गेला आणि तो ज्या दिवशी पूर्ण झाला ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी. धरसेनाचार्यांनीही "नंतर सांगतो" म्हटलं असतं तर?

पुढची गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. षट्खंडागम आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका, यांची ताडपत्रं कर्नाटकात मूडबिद्रीला होती. शतकानुशतकं लोक त्यांचं दर्शन घेत. वाचायला मात्र ती मिळत नसत. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं, पण ती नक्कलही मूडबिद्रीबाहेर न्यायची नव्हती. नकलेचं काम करणाऱ्या पंडितांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली आणि त्या कामात त्यांना मदत केली त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी. ती प्रत सहारनपूरला गेली. तिथून नकलांच्या नकला झाल्या. कारंज्याच्या आश्रमात आणि अमरावतीतही प्रती आल्या. आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड हिंदी अनुवादासह छापून काढला. पुढे सोळा खंड पूर्ण झाले.

परवानगीवाचून प्रत केली हे योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी करणार नाही. मला एवढंच दिसतं, की घरातली कामं उरकून, दिव्याजवळ बसून नवऱ्याबरोबर अक्षरं उतरवणारी एक बाई होती. आज अमरावती असो की बडनेरा, मंदिराच्या कपाटातून धवलेचा खंड काढून कोणीही वाचू शकतं, त्यात तिचाही हात आहे.

ज्ञान अडवण्याला आपल्याकडे दोष मानलं आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सहाव्या अध्यायात, ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलं आहे. स्वाध्यायात आपण ही सहा नावं पाठ केलेली असतात. मी ती एकदा स्वयंपाकघरात लावून पाहिली. दुसरीला चांगलं येतं म्हणून मनात जळणं, तो प्रदोष. येत असून "मला कुठे येतं" म्हणणं, तो निन्हव. मी सांगितलं तर तीही माझ्याइतकं छान करेल म्हणून न सांगणं, ते मात्सर्य. कोणी शिकत असताना आडवं येणं, तो अंतराय. सांगणाऱ्याला हाताने-डोळ्याने गप्प करणं, ते आसादन. खरं सांगितलेलं चूक आहे म्हणून खोडणं, तो उपघात. लोणच्याच्या मसाल्यातला एक जिन्नस मुद्दाम न सांगणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. आपणही कधीतरी त्यातल्या होतो.

त्या संध्याकाळी मी कोणत्या खान्यात होते, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मत्सर नव्हता, लपवणं नव्हतं. पण माणूस विचारतं आहे, उत्तर माझ्याजवळ आहे आणि मी मध्ये वेळेची भिंत घातली. मला तो अंतरायच वाटतो. पोळी करपली असती तरी चाललं असतं.

काकूंना पुन्हा बोलतं कसं करावं, हे मला वर्षभर सुचेना. मी दोनदा जाऊन म्हटलं, "काही अडलं तर सांगा." त्या हसून "बरं" म्हणाल्या. मग मागच्या उन्हाळ्यात वर्षाची डाळ भरायची होती. आधीच्या वर्षी तिला कीड लागली होती. गोळ्या-पावडर घालून जीव मारायचे नव्हते. मी गेले आणि काकूंनाच विचारलं. त्यांनी मला बसवून घेतलं. डाळीला कडक उन्हं दे, पूर्ण निवू दे, मग किलोला चमचाभर एरंडेल हाताने चोळ, डबा कोरडाठाक हवा, आणि गव्हात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल. "कीड लागूच नाही द्यायची, म्हंजे माराचं कामच नाही," त्या म्हणाल्या. सांगून झालं, चहा झाला, आणि मी उठणार तोच त्यांनी उशीखालून मोबाइल काढला. "आता आलीच तर हे पाह्य बरं, गॅसचा नंबर लावा लागते."

मी पाहिलं. तिथेच बसून, डोळ्यांपुढे लावून दिला.

आता मी दुपारी तीन ते चार ओट्यावर बसते. कोणी बिल घेऊन येतं, कोणी कुकरची शिट्टी. येत नसेल ते "मला येत नाही, विचारून सांगते" असं सरळ म्हणते. आणि फोनचं असेल तर वेळ बघत नाही. तुम्हीही आपल्या गल्लीतल्या आजी-काकूंना एवढं आजच सांगून ठेवा: लाइन कापतो म्हणून मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका, कोणाच्या सांगण्यावरून अ‍ॅप उतरवू नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० वर फोन करा. आम्ही तो दुसऱ्या दिवशी केला होता.

जय जिनेंद्र.