तोफा थंडावल्यावर मातीचे काय?

बेळगावचा किल्ला 10 एप्रिल 1818 रोजी मन्रोच्या स्वाधीन झाला. तीन आठवड्यांचा वेढा इतिहासात नोंदला गेला. तटाखालच्या मातीत काय रुतून राहिले, हे कोणी लिहिले नाही. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याकडे आहे. पलटणीत कोणी गेलेले नाही असे गाव या भागात विरळाच. त्यामुळे दारूगोळ्याने बिघडलेली जमीन पुन्हा कशी सुधारतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जुना लोखंडी गोळा गंजून मातीत मिसळतो. विसाव्या शतकातील टीएनटी आणि आरडीएक्सचे तसे नाही. आरडीएक्स तर पावसाबरोबर झिरपत भूजलापर्यंत जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या उमाटिला डेपोत हेच घडले. जुन्या बाँबमधील स्फोटके धुतलेले पाणी 1965 पर्यंत तिथे उघड्या तळ्यांत सोडत.

अशा मातीवर रूढ उपाय होता भट्टीचा. नेब्रास्कातील कॉर्नहस्कर कारखान्याची माती 1987-88 मध्ये अशीच जाळली. उपाय खात्रीचा, पण फार खर्चाचा; शिवाय भाजलेल्या मातीत कस उरत नाही. उमाटिलात 1990 च्या दशकात कंपोस्टची वाट धरली. खणलेल्या मातीत शेण, कोंबडीखत, भुसा आणि बटाट्याचा टाकाऊ भाग मिसळून ढीग रचले आणि ते वरचेवर उलटवले. जिवाणूंनी काही आठवड्यांत दोन्ही स्फोटके किलोमागे 30 मिलिग्रॅम या ठरलेल्या मर्यादेखाली आणली. उकिरडा मुरताना पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही. भूजल मात्र उपसून कोळशातून गाळत राहावे लागले आणि त्यात वर्षे गेली.

गोळीबाराच्या मैदानातले शिसे यापेक्षा हट्टी. ते जळत नाही, कुजत नाही. गोळ्या चाळून काढाव्यात, माती धुवावी, नाहीतर फॉस्फेट घालून शिसे जागीच बांधून ठेवावे. पण बांधलेले शिसे तिथेच असते. त्याची राखण पुढच्या पिढ्यांकडे जाते.

निपाणीकरांसाठी एक गोष्ट. 1999 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जिवाणूचे जनुक घालून स्फोटके पचवणारे तंबाखूचे रोप तयार केले. प्रयोग साधला, पण रूढ उपायांत त्याला अजून जागा मिळालेली नाही.

कोणताही उपाय जोखताना तीनच गोष्टी विचाराव्यात. विष संपले की फक्त हलवले? विहिरीचे पाणी पिता येईल का? आणि राखण कोण, किती वर्षे करणार? उमाटिलात ते पाणी उघड्यावर सोडले नसते, तर यातले काहीच करावे लागले नसते.